गवतातला खांब

आमच्या गावात बाबांच्या मंडळींना 'उलटी माणसं' म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. किनाऱ्यावरच्या वाळूत गवत लावायचं तर तोंड समुद्राकडे ठेवून, कमरेत वाकून, मागे मागे सरकत लावावं लागतं. पुढे चालत गेलात तर आत्ताच खोचलेलं रोप स्वतःच्याच पायाखाली येतं. म्हणून दर शनिवारी सकाळी सगळी मंडळी पाण्याकडे तोंड करून एका ओळीत उभी राहायची आणि घरांच्या दिशेने उलटी येत राहायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांच्या पाठी आणि पाठीखालचं जे काही असेल तेवढंच दिसायचं. शाळेत मुलं मला विचारायची, तुझे बाबा जेवतातसुद्धा उलटेच का. मी एकाच्या डब्यात मूठभर वाळू टाकली, तेव्हा तो प्रश्न बंद झाला.

बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एका डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर बसायचे आणि गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की भिंग न काढताच बोलायचे, म्हणजे समोरच्याकडे बघावं लागत नसे. इतका लाजरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अशा माणसाने गावातली माणसं गोळा करून काही सुरू केलं असेल, हे सांगून कुणाला पटायचं नाही. पण एका वादळात आमच्या घरांच्या ओळीपुढचा रस्ता समुद्राने नेला आणि आईच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढी वाळू आली. रस्ता पुन्हा झाला, पण पुढे भिंत बांधणार म्हणून साहेब लोक मोजमापं घेऊन गेले आणि मोजमापांसकट गायब झाले. तेव्हा बाबा कुठूनसं गवताची ठोंबं घेऊन आले आणि एकटेच वाळूत जाऊन खोचायला लागले.

पहिले त्यांना सामील झाले ते टपालकाका. ते पोस्टमन होते. सगळ्या गावाची खबर त्यांच्याकडे आणि त्यांची खबर सगळ्या गावाकडे. मग दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या रोप लावतानाही आधी बोटाने वाळू दाबून बघायच्या, जणू हिरडीच तपासताहेत. आणि मग कप्तान. कप्तान बसचालक होता आणि त्याला होडीत नुसतं बसवलं तरी पोटात ढवळायचं, म्हणून तो कप्तान. काटक्या एकमेकींत गुंफून कुंपण करायचं, त्याच्याशी वारा अडकून वाळू साठली की तिच्यावर गवत लावायचं, आणि कुंपण वाळूत बुडालं की त्याच्या डोक्यावर नवं कुंपण, एवढंच त्यांचं काम. ऐकायला सोपं आहे. माझं सगळं लहानपण त्या कामात गेलं तरी ते संपलं नाही.

आई मात्र कधी गेली नाही. ती कपडे शिवायची. तिची शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलेली होती, कारण उजेड तिथे चांगला आणि समोर समुद्र. ती म्हणायची, घड्याळं दुरुस्त करायची सोडून ह्यांनी वाळू दुरुस्त करायला घेतलीय. बाबा शनिवारी दुपारी घरी आले की ती त्यांना आधी अंगणात उभं करून झाडून घ्यायची, गादी झाडतात तशी, आणि झाडता झाडता ऐकवायची. बाबा हात वर करून निमूट उभे राहायचे. मला वाटतं, दोघांनाही ते आवडायचं.

गवताने मूळ धरलं. वाळू साठत गेली आणि आमच्या ओळीसमोर हळूहळू एक लांबलचक टेकाड उभं राहिलं. मंडळींना त्याचं कोण कौतुक. आणि इकडे खिडकीतून समुद्र जायला लागला. आधी ओली वाळू गेली, मग फुटणाऱ्या लाटा गेल्या, मग लाटांमागचं पाणी. काही वर्षं वरती एक निळी रेघ राहिली होती. आई मशीन थांबवून तिच्याकडे बघायची आणि पुन्हा पायडल मारायची. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "आजपासून समुद्र बंद."

बाबांचा घास हातातच राहिला. मी तेव्हा मोठी झाले होते, नोकरीच्या अर्जांमध्ये बुडालेली. मला तो आईचा नेहमीचा टोमणा वाटला आणि मी हसलेही. बाबा हसले नाहीत. ते उठले, खिडकीपाशी गेले, बाहेर अंधार होता तरी बराच वेळ बघत उभे राहिले. मग हात धुऊन झोपायला गेले. त्यावर ते काही बोलल्याचं मला आठवत नाही, पण बाबा न बोलल्याचं कुणालाच नवल वाटत नसे.

त्याच सुमाराला ते संध्याकाळचेही टेकाडावर जायला लागले. दुकान बंद करून, थेट तिकडेच. कुंपण बघून येतो म्हणायचे. दुकानातली एक जुनी हातांची खुर्चीही त्यांनी वर नेऊन ठेवली. दिवेलागणीनंतर परतायचे. आई म्हणायची, मला सवत आणायची तर निदान दोन पायांची तरी आणायची.

आणि त्याच सुमाराला आईचं खांबाचं प्रकरण सुरू झालं. ते आमच्या घरात इतकं चाललं की पुढे त्याचा विनोदच झाला. आईचं म्हणणं असं की खिडकीसमोर, टेकाडाच्या माथ्यावर, गवतात एक खांब आहे. संध्याकाळी असतो आणि सकाळी नसतो. तुमच्या लोकांना एक खांब धड पुरता येत नाही, ती बाबांना म्हणायची, रोज उपटून नेतं कोणीतरी आणि रोज तुम्ही नवा लावता. बाबा म्हणायचे, बघतो. मी सुट्टीला आले की आईला विचारायचे, काय गं, खांब काय म्हणतो? आई म्हणायची, आहे, पण जरा वाकलाय. एकदा ती म्हणाली, पावसातसुद्धा उभा होता मेला, भिजत. बाबांना त्या वेळी सर्दी झाली होती आणि ते वाफ घेत बसले होते. टॉवेलच्या आतून ते म्हणाले, बघतो.

मधे एकदा पहिल्यापेक्षा मोठं वादळ आलं. पलीकडच्या वस्तीत पाणी खाटांपर्यंत चढलं. आमच्या ओळीत टेकाडाचं अर्धं पोट समुद्राने खाल्लं, पण पाणी अलीकडे आलं नाही. त्यानंतर उलटी माणसं म्हणून हसणं बंद झालं. नाव मात्र तेच राहिलं, आता जरा मानाने घ्यायचे.

बाबा गेले तेव्हा हिवाळा होता. दुकानात बसल्या बसल्या गेले, डोळ्याला भिंग तसंच. टपालकाकांनी मला फोन केला आणि फोनवर त्यांना बोलताच येईना. गावभर बातम्या पोहोचवणारा माणूस, पण ही एक बातमी त्यांच्या तोंडून निघेना. मीच विचारलं, बाबा का? ते हो म्हणाले.

गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी रजा काढून तिच्याकडे राहायला आले. मंडळी तिला भेटायला आली. डॉक्टरीणबाई आता निवृत्त झाल्यात. पाणी प्यायला म्हणून त्या स्वयंपाकघरात आल्या, पेला हातात घेऊन खिडकीशी गेल्या आणि तिथेच थबकल्या. मग त्यांनी बाकीच्यांना हाक मारली. तिघंही खिडकीत दाटीवाटीने उभे राहिले. समोर गवत होतं, गवताच्या वर आभाळ. त्यांना विचारलं असतं तर समुद्र किती मागे हटला, वाळू किती वाढली, सगळं घडाघडा सांगितलं असतं त्यांनी. पण इतक्या वर्षांत घरात बसून टेकाड कसं दिसतं हे त्यांच्यापैकी एकानेही पाहिलं नव्हतं. त्यांची तोंडं कायम पाण्याकडे आणि पाठी आमच्याकडे.

"वहिनी, तुम्हाला समुद्र दिसत नाही?" टपालकाकांनी विचारलं.

आई पलंगावरून म्हणाली की तिला दिसत नाही ह्याला आता इतकी वर्षं झाली की ती बातमी शिळी झाली, पोस्टमनला इतका उशीर शोभत नाही.

ते हसले नाहीत. खाली माना घालून गेले आणि दोन दिवसांनी पुन्हा आले, चपला दारात नीट ओळीने काढून, गुन्हा कबूल करायला आल्यासारखे. बोलणं डॉक्टरीणबाईंवर सोपवलं होतं. खिडकीच्या अगदी समोर माथ्यावर एक खाच पाडू, त्या म्हणाल्या. फार नाही, निळी रेघ दिसेल एवढी. गवत अलगद काढून दुसरीकडे लावू. घड्याळमास्तरांच्या बायकोला समुद्र दिसत नसेल तर आम्ही इतकी वर्षं केलं काय?

खाच म्हणजे काय ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. वाळूचं टेकाड जिथे खचतं, वारा तिथेच बोट घालतो, आणि पुढच्या वादळात पाणी पहिलं तिथूनच शिरतं. पायवाट पडू नये म्हणून पोरांच्या मागे काठी घेऊन धावणारी ही माणसं, आणि आता स्वतःच कुदळ घेऊन निघाली होती. मी तसं बोलून दाखवलं. कप्तान म्हणाला, आम्ही राखण करू, दर आठवड्याला कुंपण घालू. त्याचा गुडघा आईच्या गुडघ्यापेक्षा वाईट आहे, पण हे मी बोलले नाही.

मला खात्री होती की आई त्यांना वेड्यात काढेल. आई म्हणाली, "काढा."

ते गेल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, बाबांनी जन्म घातला त्यात. आपली सगळी ओळ वाचली ती त्या टेकाडामुळे, हे घर त्याच्यामुळे उभं आहे. तुला एक रेघ बघायला मिळावी म्हणून ते फोडायचं? आईने सगळं ऐकून घेतलं. तिचा राग नेहमी नाकावर असतो, पण तेव्हा ती अगदी शांतपणे बोलली.

"घर वाचलं, मला कळतं. मी काय आंधळी आहे? पण माझी खिडकी बुजत होती तेव्हा ह्यांनी मला एकदाही विचारलं नाही. चालेल का, एवढंसुद्धा नाही. मी सांगितलं समुद्र बंद, तर नुसते उठून गेले. त्यानंतर रोज संध्याकाळी स्वतः वर जाऊन समुद्र बघत बसायचे. एकटे. मी इथे गवत बघत."

बाबा गेल्याचं दुःख मी माझ्या परीने केलं होतं, पण ते काही चुकले असतील हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. त्या रात्री मला त्यांचा राग आला आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

शनिवारी सकाळी मंडळी फावडी घेऊन आली. आई म्हणाली, कुठे खणायचं ते मी दाखवणार, तुमच्या अंदाजावर मी माझी खिडकी सोडायची नाही. तिला चढवायचं कसं हा प्रश्न होता. कप्तानाने रोपं वाहायची हातगाडी आणली, तीत उशी टाकली आणि वाळूवर फळ्या अंथरल्या. मी मागून ढकलत होते, बाकीचे पुढून ओढत होते, अर्थात उलटे चालत. आई मधे दोन्ही हातांनी गाडीच्या कडा धरून बसली होती आणि कुणाचा पाय चुकतोय ते सांगत होती. टपालकाका म्हणाले, आयुष्यात एवढं जड पार्सल उचललं नाही. आई म्हणाली, उघडून बघू नका म्हणजे झालं.

आम्ही माथ्यावर पोहोचलो आणि समोर समुद्र आला. मला त्याचं काही नव्हतं, मी येता-जाता बघत असते. आईची बडबड थांबली. भरतीची वेळ होती आणि पाणी करड्या रंगाचं होतं, विशेष काही सुंदर नव्हतं. ती बघत राहिली. मग म्हणाली, "अजून आहे तर हा." आणि पदराने तोंड पुसल्याचं नाटक करून डोळे पुसले.

बाबांची खुर्ची तिथेच होती. पाय वाळूत रुतले होते, हातांवर पांढरे चट्टे पडले होते. आईला हातगाडीत अवघडायला होत होतं, म्हणून कप्तानाने खुर्ची वर ओढून, झटकून तिला तीत बसवलं. खुर्चीचं तोंड समुद्राकडे होतं. टपालकाका फावड्यावर रेलून खुर्चीचे किस्से सांगायला लागले. ही खुर्ची म्हणजे एक डोकेदुखी होती, ते म्हणाले, दर शनिवारी येऊन बघावं तर फिरलेली. वारा फिरवायचा, नाहीतर पोरं. मी दर शनिवारी ती सरळ करून ठेवायचो, समुद्राकडे, पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मास्तर काही बोलायचे नाहीत, नुसते हसायचे. ते गेले तेव्हा मी शेवटची सरळ केली, ती तेव्हापासून...

ते फावड्यावरून सरळ झाले.

"तेव्हापासून काय?" आईने विचारलं.

"तेव्हापासून फिरलीच नाही, वहिनी," टपालकाका सावकाश म्हणाले. वारा त्यानंतरही होताच. पोरंही होती.

आईने विचारलं, खुर्ची कुठल्या बाजूला फिरलेली असायची. टपालकाकांनी पाठीमागे हात केला. तिकडे उतार होता, उताराखाली रस्ता, आणि रस्त्यापलीकडे आमची घरांची ओळ.

"फिरवा मला," आई म्हणाली.

कप्तान आणि डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीसकट उचलून वळवलं. मी तिच्या शेजारी उभी होते, त्यामुळे तिला जे दिसलं ते मलाही दिसलं. आमची स्वयंपाकघराची खिडकी अगदी समोर होती. मी निघताना आतला दिवा बंद करायला विसरले होते, म्हणून मशीन दिसत होती, मशीनवर टाकलेलं कापड दिसत होतं, आणि आई बसते ते स्टूल. तिथे कुणी बसलं असतं तर त्याचं तोंडसुद्धा दिसलं असतं, विशेषतः संध्याकाळी, आत दिवा लागल्यावर.

आई बराच वेळ स्वतःच्या खिडकीकडे बघत राहिली. शेवटी ती बोलली ती आमच्यातल्या कुणाशीच नाही.

"माझ्या डोळ्याला शिवणाचा चष्मा असायचा. लांबचं सगळं धूसर. मी त्यांना खांब समजत होते."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. टपालकाका समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि जोरजोरात नाक शिंकरायला लागले. मला रडू आवरेना. मला तो टॉवेल आठवत होता, वाफेचं भांडं, आणि आतून आलेलं 'बघतो'. तिची खिडकी त्यांनी बुजवली, हे त्यांना ती 'समुद्र बंद' म्हणाली त्याच रात्री कळलं होतं. टेकाड खाली आणता येत नव्हतं आणि तिला तसं तोंडाने सांगता येत नव्हतं. म्हणून ते रोज येऊन समुद्राकडे पाठ करून बसायचे. तिला जे दिसत नाही ते आपणही बघायचं नाही, असं काहीतरी त्यांनी मनाशी ठरवलं असावं. किंवा त्यांना नुसतं तिच्याकडे बघायचं असेल, भिंग न लावता, तिला न कळता. मला खरंच माहीत नाही.

आई मात्र अजून रागावलेलीच होती. "सांगायचं तरी," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत एक शब्द. हात तरी वर करायचा एकदा. खांब हात वर करत नाही, एवढं मला कळलं असतं."

कप्तानाने हलकेच विचारलं, वहिनी, मग खणायचं कुठे? आई त्याच्याकडे अशी बघायला लागली, जणू हा वेडाच आहे. कुठेही खणायचं नाही, तिने सांगितलं. फावडी घरी न्या. आणि दर शनिवारी ही गाडी माझ्या दाराशी आली पाहिजे, उशी जरा जाड आणा. थोडा वेळ समुद्राकडे बसेन, मग मला वळवायचं.

मग तिने मला हाक मारली. "तू घरी जा," ती म्हणाली. "खिडकीत जाऊन उभी राहा."

मी उतार उतरून, रस्ता ओलांडून घरी गेले. स्वयंपाकघरात दिवा जळतच होता. मशीनच्या खणाशेजारी आईचा शिवणाचा चष्मा पडलेला होता, एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी माझा चष्मा काढून तो डोळ्याला लावला आणि तिच्या स्टुलावर बसून बाहेर बघितलं. गवत हिरवट धुरासारखं हलत होतं. त्याच्या माथ्यावर एक खांब होता, जरासा वाकलेला.

मी बघत राहिले, आणि खांबाने हात वर केला.